१४. कॅथलिक वर्कर
डोरोथी डे (१८९७–१९८०) आणि पीटर मॉरिन (१८७७–१९४९) यांनी न्यूयॉर्कमध्ये काढलेले वृत्तपत्र व त्याभोवती उभी राहिलेली चळवळ. पहिला अंक ऐन महामंदीत, १ मे १९३३ रोजी, युनियन स्क्वेअरमधील कामगारांच्या गर्दीत विकला गेला; किंमत एक सेंट. रास्त वेतन आणि कामगार संघटना यांविषयी पोप तेरावे लिओ यांनी १८९१च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात मांडलेली शिकवण कष्टकऱ्यांपर्यंत पोचवणे, हा हेतू. येथील ‘अतिथिगृह’ म्हणजे याच चळवळीचे घर : बेघरांना तेथे जेवण व निवारा मिळे आणि कार्यकर्ते स्वेच्छेने गरिबी पत्करून त्यांच्यासोबतच राहत. चळवळ सर्वच युद्धांच्या विरोधात होती. दुसऱ्या महायुद्धात खप घसरला, तरी तिने ही भूमिका सोडली नाही. — संपा.