पिन काढ, दहा मोज

मी नांदेडला, माझा कॉम्प्युटर लातूरला दादाच्या घरी. मध्ये सव्वाशेहून जास्त किलोमीटर. एका रात्री इथून त्यावर काम चालू असताना तो थिजला. रीस्टार्टही ऐकेना. शेवटी दादाला उठवलं. "पिन काढ, दहा मोज, परत लाव." (आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेली वीज उतरायला तेवढा वेळ लागतो.)

"एवढं शिकून शेवटी पिनच काढायची?" दादा म्हणाला.

चंद्राकडे गेलेल्या यानाचंही तेच झालं होतं. ७ मे १९९४ ला अमेरिकेच्या क्लेमेंटाइनचा कॉम्प्युटर अडकला आणि यान फिरवणारी छोटी इंजिनं चालूच राहिली. पृथ्वीवरून सुमारे वीस मिनिटं सॉफ्टवेअरचे आदेश जात होते, पण अडकलेला ऐकणार कसा? मग थेट हार्डवेअर रीसेटचा आदेश गेला आणि तो उठला. तोवर इंधन संपलं होतं. पुढे एका लघुग्रहाकडे जायचं होतं, ते राहूनच गेलं.

म्हणजे हाक अडकलेल्याला नाही, शेजारच्या जाग्याला मारायची. १९९८ मध्ये इंटेल, डेल, एचपी, एनईसी यांनी सर्व्हरसाठी आयपीएमआय नावाचं मानक आणलं, त्यात हेच आहे. बोर्डावर एक वेगळी चिप असते, सर्व्हर बंद असला तरी स्टँडबाय विजेवर जागी. नेटवर्कवरून तिला सांगायचं, ती वीज तोडते आणि जोडते.

दादाला हे समजवावं लागलं नाही. त्याच्या विहिरीवर मोबाइल स्टार्टर आहे. पेटीत सिमकार्ड, फोन लावून आकडा दाबला की मोटर चालू. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या अशाच 'नॅनो गणेश'ला २००९ मध्ये नोकियाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं. थ्री फेज रात्री येते. अंधारात, साप-विंचवांतून, ओल्या पायांनी स्टार्टरला हात लावणं म्हणजे काय, ते आमच्याकडे घरोघरी माहीत आहे.

पण लाइट येताच मोटर आपोआप चालू करणारा ऑटो मात्र दादाने काढून टाकला. सगळ्या शिवारातल्या मोटरी एकदम उठतात, सुरू होताना प्रत्येक कितीतरी पट करंट ओढते आणि डीपी जळतो. महावितरणही ऑटो काढा, कपॅसिटर बसवा म्हणून सांगत असतं. लाइट गेल्यावर मोठ्या सर्व्हर खोल्यांतही म्हणूनच यंत्रं एकामागून एक उठवतात.

दादा लाइट आली की आधी चहा घेतो. मग फोन लावतो.