खेळ कोणता, हे कोण ठरवणार?

काही वर्षांपूर्वी एका केंद्रीय कार्यालयाच्या भरती समितीवर असताना खेळाडूंसाठीच्या जागांचे अर्ज तपासण्याचे काम माझ्याकडे आले. त्यात एका उमेदवाराने राष्ट्रीय स्पर्धेतील रस्सीखेचीचे प्रमाणपत्र जोडले होते. टिपणीत एकच ओळ होती : 'सदर खेळ मान्यताप्राप्त यादीत नाही, सबब लाभ अनुज्ञेय नाही.' ती ओळ नियमानुसार बिनचूक होती. मी स्वाक्षरी केली. मात्र एक प्रश्न मनात राहून गेला. एखादी क्रीडा 'खेळ' म्हणून मान्य होते ती कशाच्या बळावर?

इतिहास पाहू गेल्यास मौज वाटते. हीच रस्सीखेच १९०० ते १९२० या काळात ऑलिंपिकमध्ये होती. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटही होते. सामना एकच झाला व त्यात ग्रेट ब्रिटनने फ्रान्सला हरविले. १९१२ ते १९४८ या काळात तर साहित्य, संगीत, चित्रकला, शिल्पकला आणि वास्तुकला यांच्याही स्पर्धा होऊन पदके दिली जात. आरंभीच्या त्या काळात यजमान आयोजकांच्या पसंतीला मोठे वजन होते.

पुढे निकष लेखी झाले. उन्हाळी स्पर्धांसाठी ऑलिंपिक सनदेत दीर्घकाळ अशी अट होती की, पुरुषांचा खेळ किमान ७५ देशांत व ४ खंडांत आणि स्त्रियांचा खेळ किमान ४० देशांत व ३ खंडांत प्रचलित असावा. केवळ यंत्राच्या गतीवर अवलंबून असणारे खेळ वर्ज्य होते. मान्यता आणि स्पर्धेत समावेश या दोन गोष्टीही वेगळ्या आहेत. बुद्धिबळाच्या जागतिक महासंघाला १९९९ मध्ये मान्यता मिळाली, पण ऑलिंपिकच्या कार्यक्रमात बुद्धिबळाला स्थान मिळालेले नाही.

या निकषांचा अर्थ कबड्डीच्या वाटचालीवरून नीट उमगतो. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तेथे कबड्डीचे प्रदर्शन केले. आशियाई स्पर्धेत तिला पदकाचा दर्जा मिळाला तो १९९० मध्ये, बीजिंगला. मधली ५४ वर्षे कशात गेली? महाराष्ट्रात हुतूतू, बंगालमध्ये हाडुडु, तमिळनाडूत चेडुगुडु अशी नावे आणि तितकेच नियम होते. ते एकत्र आणणे, मैदानाची मापे ठरविणे, १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना उभारणे, शेजारी देशांना सोबत घेणे, १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत प्रात्यक्षिक दाखविणे, अशी ही वाट होती. बुवा साळवी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांचे आयुष्य या कामी खर्ची पडले. खेळ मातीत जन्मतो, पण त्याला मान्यता मिळते ती कागदावर.

मिळालेली मान्यता कायम राहतेच असे नाही. कुस्ती १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासूनची. १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले ते कुस्तीतच. तरीही फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने २०२० पासून कुस्ती वगळण्याची शिफारस केली. जागतिक महासंघाचा अध्यक्ष बदलला, प्रेक्षकांना कळतील असे नियम झाले, कारभारात स्त्रिया व खेळाडू यांना स्थान मिळाले, आणि सप्टेंबरमध्ये कुस्ती परत आली. प्राचीनतेपेक्षा चोख कारभाराला अधिक महत्त्व, हा त्यातील धडा. या निर्णयांमागे बाजारपेठेचाही विचार असतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये समितीच्या मुंबई अधिवेशनात २०२८ साठी क्रिकेटला प्रवेश मिळाला, तो भारतातील प्रेक्षकवर्ग डोळ्यांसमोर ठेवून, हे उघड आहे.

आपल्याकडे या प्रश्नाला पोटापाण्याची बाजू आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत खेळाडूंच्या भरतीसाठी जी यादी असते, तीत खेळ नसेल तर खेळाडूची दहा वर्षांची मेहनत शून्य ठरते. सप्टेंबर २०२० मध्ये ही यादी ४३ वरून ६३ खेळांवर गेली. मल्लखांब तीत आला आणि रस्सीखेचही आली.

यादी हवीच, ती नसेल तर कोणीही चार मित्रांची संघटना काढून प्रमाणपत्रे वाटू लागेल. परंतु यादी करणाऱ्याने तीन पथ्ये पाळावीत असे मला वाटते. निकष आधी जाहीर करावेत, नकार दिल्यास त्याची कारणे लेखी द्यावीत, आणि ठरावीक मुदतीने फेरविचार करावा. फेरविचार उशिरा झाला तरी खेळाचे फारसे बिघडत नाही, तो पुढे केव्हातरी यादीत येतो. खेळाडूचे वय मात्र थांबत नाही. रस्सीखेच यादीत आल्याचे परिपत्रक वाचले तेव्हा मला त्या उमेदवाराची आठवण झाली. नोकरीची वयोमर्यादा त्याने तोवर केव्हाच ओलांडली असणार.