पेरणारा आणि पाभर : ख्रिस्ती धर्मग्रंथातील लाक्षणिक भाषेचा मराठी अर्थबोध

बायबलमधील लाक्षणिक भाषा दुर्बोध का ठरते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा अलंकारांच्या गूढतेत शोधले जाते. संत ऑगस्टीनने ख्रिस्ती सिद्धान्तावरील आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात अधिक साधे कारण दिले आहे. प्राणी, वनस्पती, पाषाण यांचे गुणधर्म ठाऊक नसले की त्यांवर आधारलेली रूपके अंधुक होतात. आपल्या परिभाषेत सांगायचे तर अडचण उपमेयाची नसून उपमानाची असते. हे सूत्र मोलाचे असले तरी अपुरे आहे. उपमान पूर्ण परिचयाचे असतानाही अर्थबोध अडू शकतो, असे मराठीतील अनुभवावरून दिसते.

पेरणाऱ्याचा दृष्टान्त (मत्तय १३) या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. बी वाटेवर, खडकाळ जागी, काटेरी झुडपांत आणि चांगल्या जमिनीत पडते. शेतकरी समाजाला याहून सोपा दृष्टान्त कोणता असणार? परंतु नशिराबाद-आसोदा परिसरातील काळ्या जमिनीत ज्वारी-बाजरीची परंपरागत पेरणी पाभरीने होते. चाड्यावर मूठ धरली जाते आणि बी नळ्यांतून तासात उतरते. तेथे बी वाटेवर सांडणे हा पेरणीचा भाग नसून पेरणाऱ्याचा हलगर्जीपणा होय. दृष्टान्ताचा रोख जमिनीवर, तर वाचकाची शंका पेरणाऱ्यावर, असा विपर्यास येथे संभवतो.

मम्मटाने लक्षणेसाठी मुख्यार्थबाध, तद्योग आणि रूढी अथवा प्रयोजन या अटी सांगितल्या. प्रस्तुत दृष्टान्तात मुख्यार्थबाध होतो, पण तो कथनाला अभिप्रेत नसलेल्या जागी. योआकिम येरेमियास या जर्मन अभ्यासकाने १९४७ मध्ये असा खुलासा केला की पॅलेस्टाइनमध्ये पेरणी आधी व नांगरणी नंतर होत असे. म्हणून वाटेवरचे बीही मातीखाली जाणारच होते. हे मत पुढे विवाद्य ठरले. तथापि युरोपीय विद्वानालाही पेरणाऱ्याची बाजू मांडावी लागली, ही गोष्ट सूचक आहे.

मराठीत या अडचणीवर दोन भिन्न मार्ग निघाले. थॉमस स्टीफन्सच्या १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त ओवी आणि पुराणकथनाची चौकट आहे. निरूपणाला तेथे जागा असल्याने दुर्बोध स्थळाचा उलगडा संहितेतच करता येतो. पंडिता रमाबाईंनी उलट मार्ग धरला. हिंदू दर्शनांचे संस्कार वागवणारे शब्द टाळून, हिब्रू व ग्रीक मुळाशी इमान राखून, सामान्य स्त्रीला कळेल अशा मराठीत त्यांनी केलेला बायबलचा अनुवाद त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये पूर्णरूपाने प्रसिद्ध झाला. शब्द सुबोध करणे त्यांच्या हाती होते. शब्दामागची शेती बदलणे कोणत्याच अनुवादकाच्या हाती नसते.

याची दुसरी बाजूही आहे. खळे साफ करणाऱ्याच्या हातातील मूळ अवजार धान्य वाऱ्यावर उधळण्याचे. मराठीत तेथे 'सूप' रुळले. अवजार बदलले, पण उपणणीचे कार्य टिकले, म्हणून न्यायनिवाड्याचा ध्वनीही टिकला. एका जात्यावर दळणाऱ्या दोघींपैकी एकीलाच नेले जाईल, ही प्रतिमा (मत्तय २४) तर बहिणाबाई चौधरींच्या पिढीतील खानदेशी स्त्रीला टीकाकाराविना उमगली असती. समोरासमोर बसून एकच खुंटा ओढणाऱ्या दोघींची ताटातूट म्हणजे काय, हे तिचे हातच सांगत. यंत्राची चक्की गावोगाव आल्यावर तीच प्रतिमा टीपेची अपेक्षा करू लागली.

तात्पर्य, दुर्बोधता हा संहितेचा स्थिर गुणधर्म मानता येत नाही. ती उपमान आणि वाचकाची कृषिसंस्कृती यांच्यातील अंतरातून उपजते, आणि ते अंतर प्रदेशागणिक व पिढीगणिक बदलते. अनोळखी प्रतिमेपाशी वाचक थांबतो आणि विचारतो. ओळखीच्या प्रतिमेपाशी तो न विचारता पुढे जातो. म्हणूनच पेरणाऱ्यासारखी 'सोपी' स्थळे अनुवादमीमांसेने अधिक काळजीपूर्वक तपासली पाहिजेत. मराठी बायबलच्या अर्थबोधाचा इतिहास लिहायचा झाल्यास कोशांच्या जोडीला पाभर, सूप आणि जाते यांचाही इतिहास लिहावा लागेल.