घरची दुःखे आणि बायकांची लेखणी

घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेऊ नये, ही शिकवण आपणा सर्वजणींना लहानपणीच मिळालेली आहे. ज्या मराठी स्त्रियांनी आठवणी लिहिल्या, त्यांनाही ती मिळाली होतीच. मग त्यांनी घरची दुःखे सांगितली तरी कशी?

लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा. पण त्यांची ‘स्मृतिचित्रे’ त्याही आधीच्या एका फाशीपासून सुरू होतात. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना फासावर चढविले गेले आणि त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. त्या धुण्याभिजविण्यात आईचे व मुलांचे जे हाल झाले, ते बाई अशा गमतीने सांगतात की हसू आवरत नाही. मात्र हसता हसता आपण थबकतो, कारण फाशी त्यांनी आधीच सांगून ठेवली आहे. तीच मागाहून सांगितली असती तर वडील नुसते विक्षिप्त वाटले असते. आता ते भ्यालेले दिसतात. पुढे १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले आणि काही वर्षांची ताटातूट वाट्याला आली. तेही सांगताना बाई स्वतःची फजिती झाकत नाहीत. इतरांना हसण्याचा हक्क त्यांना त्यामुळेच मिळतो, असे मला वाटते.

त्याआधी, १९१० साली, रमाबाई रानड्यांच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या होत्या. लिहायला-वाचायला शिकल्याबद्दल घरातल्या बायकांनी केलेला छळ त्यांत आहे, पण सूर कोठेही चढत नाही. पुस्तकाच्या नावातच ‘आमच्या आयुष्यातील’ असे शब्द आहेत. त्या ‘आमच्या’त रमाबाई स्वतः मागे उभ्या राहतात. खरे सांगायचे तर मला त्यांना पुढे ओढून आणावेसे वाटते!

फलटणच्या बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) मधले ‘आमुचं’ निराळे आहे. ते साऱ्या महारवाड्याचे आहे. उपासमार, अंगात येणे, सासुरवाशिणींचा अनन्वित छळ, सारे त्यांनी उघड केले. स्वतःच्या संसाराविषयी मात्र पुस्तकात जवळजवळ काहीच नाही. नवऱ्याच्या माराविषयी त्या पुढे एका मुलाखतीत बोलल्या. लिहिलेले कागद वीसेक वर्षे घरच्यांपासून दडवून ठेवले होते, हेही त्यांनी सांगितले. जिने सगळ्यांचे बोलून दाखविले, तिने आपले गाळले. हे गाळणे मला पुस्तकाइतकेच बोलके वाटते.

भगिनींनो, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या, सुकडीवर दिवस काढलेल्या आज्या आपल्या भागात अजून आहेत. शेंद्र्याच्या जमिनी औद्योगिक वसाहतीत गेल्या, त्याचीही घरोघर निरनिराळी कहाणी आहे. मुली-सुनांनी ती उतरून घ्यावी. पण आजीची बोली ‘शुद्ध’ करू नये. ती भलत्याच जागी हसली तर तसे लिहावे. आणि मध्येच थांबून ‘जाऊ दे बाई’ म्हणाली, तर ‘जाऊ दे बाई’ एवढेच लिहावे.