दापोडीची फुलं एडिंबऱ्यात

तुमच्या फोनमध्ये फुलांचे किती फोटो आहेत, एकदा मोजून पाहा. एप्रिल उजाडला की ब्लूबेल, मग ट्यूलिप, मग शेजाऱ्याच्या कुंपणावरचे गुलाब. फोटो व्हॉट्सॲपवर पुण्याला पोचतो आणि तिकडून मावशीचा पहिला प्रश्न येतो, "नाव काय गं या फुलाचं?" याच प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी पावणेदोनशे वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या एका बागेत एक माणूस रंग-कुंचला घेऊन बसला होता. त्याने काढलेली चित्रं आज आपल्या याच देशात, एडिंबऱ्याच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत.

बाग होती दापोडीला. पुणे-लोणावळा लोकलने गेलेल्यांना हे स्टेशन माहीत असेल, एसटीची कार्यशाळाही तिथलीच. पेशवाईच्या अखेरीस तिथे दुसऱ्या बाजीरावाच्या कवायती पलटणीची छावणी होती आणि पलटणीचा प्रमुख होता कॅप्टन फोर्ड. १८१७ च्या खडकीच्या लढाईत ही पलटण पेशव्यांकडून नव्हे, इंग्रजांकडून उभी राहिली, हे शाळेत वाचल्याचं काहींना आठवेल. पुढे त्या फोर्डचा बंगला मुंबईच्या गव्हर्नरांचं पावसाळी निवासस्थान झाला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ च्या सुमारास त्याच्या आवारात सरकारी वनस्पती उद्यान सुरू केलं. इंग्रजी कागदांत गावाचं नाव 'दापुरी' असं पडलं.

१८३८ मध्ये या बागेचा कारभार डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे आला. हे स्कॉटलंडचे, एडिंबऱ्यात शिकलेले, कंपनी सरकारचे सर्जन. दख्खन आणि खानदेशात देवीच्या लसी टोचत फिरले होते आणि मराठीची परीक्षाही उत्तीर्ण झाले होते. इथे वाढलेल्या आपल्या मुलांना मराठीचा कंटाळा आला की हे उदाहरण जरूर सांगा, निदान हसतील तरी.

बाग शोभेसाठी नव्हती. जुन्नरच्या बाजूला हिवरे इथेही गिब्सन यांच्या हाताखाली दुसरी बाग होती. या बागांमध्ये सोनामुखीसारख्या औषधी वनस्पती वाढवून लष्करी दवाखान्यांना पुरवायच्या, बाहेरदेशची झाडं इथल्या मातीत रुजतात का ते पाहायचं, रोपं नि बियाणं वाटायचं, असा सगळा उद्योग. कंपनीचा हिशेब त्यात होताच. पण गिब्सन यांना झाडांचं वेड होतं हेही खरं.

१८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. मुंबईच्या गोदीत जहाजांसाठी सागवान लागे आणि कोकणातले डोंगर भराभर उघडे पडत होते. जंगल तुटलं की झरे आटतात आणि खाड्या गाळाने भरतात, असं गिब्सन त्या दशकात सरकारला लिहीत होते. आज हे शाळकरी मूलही सांगेल, पण तेव्हा सरकारी अहवालात असं लिहिणारे फार थोडे होते. नाण्याला दुसरी बाजूही आहे. जंगल राखायचं म्हणजे डोंगरउतारावर फिरती शेती करणाऱ्यांना अडवायचं, आणि त्याची किंमत मोजली ती त्या माणसांनी. गिब्सन यांचं कौतुक करताना मला हे विसरावंसं वाटत नाही.

आता चित्रांकडे येऊ. १८४७ ते १८५० या काळात गिब्सन यांनी बागेतल्या आणि आसपासच्या वनस्पतींची जलरंगातली दीडशेहून अधिक चित्रं काढून घेतली. काही झाडं आपल्या सह्याद्रीची, काही दूरदेशाहून आणून लावलेली. तुम्ही म्हणाल, फोटो का नाही काढले? छायाचित्रणाची कला जगापुढे येऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती, मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती १८५४ साली. आणि त्या फोटोत रंग कुठला? वनस्पतीशास्त्राला पाकळीचा नेमका रंग हवा, देठावरची लव हवी. कॅमेरा समोर जे असेल ते टिपतो. चित्रकार मात्र किडलेलं पान सोडून देतो आणि आज उमललेलं फूल नि महिन्याभराने धरलेलं फळ एकाच कागदावर आणतो.

हा चित्रकार कोण? कागदपत्रांत त्याची ओळख 'पोर्तुगीज-भारतीय' एवढीच आहे. गोवा, वसई, मुंबईकडच्या पोर्तुगीज नावांच्या ख्रिस्ती माणसांना इंग्रज तेव्हा सर्रास असं म्हणत. त्याचं नाव नोंदलेलं नाही. दर झाडाचं शास्त्रीय नाव काळजीने लिहून ठेवणाऱ्यांनी ज्याच्या हातून ते झाड कागदावर उतरलं त्याचं नाव लिहिलं नाही, हे मला फार लागतं. बागेत पाणी घालणाऱ्या माळ्यांची तर गोष्टच सोडा. गिब्सन यांचं नाव मात्र डॅल्झेल यांच्याबरोबर लिहिलेल्या 'बॉम्बे फ्लोरा' या १८६१ च्या ग्रंथावर ठळक आहे.

बाग काही टिकली नाही. १८६० च्या दशकात गव्हर्नरांसाठी गणेशखिंडीत नवा प्रासाद उभा राहू लागला (तोच आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे) आणि दापोडी मागे पडली. पुढे वनस्पती उद्यानही गणेशखिंडीतच झालं. राहिली ती चित्रं. एडिंबऱ्याच्या बागेतलेच वनस्पतीशास्त्रज्ञ हेन्री नोल्टी यांनी त्यांचा अभ्यास करून २००२ मध्ये गिब्सन आणि दापोडीवर एक देखणं पुस्तक लिहिलं, चित्रांसकट. इथल्या वाचनालयात मागून पाहा.

एडिंबऱ्याला गेलात तर किल्ला पाहून झाल्यावर इन्व्हर्लीथकडे वळा. बागेला तिकीट नाही. चित्रं भिंतीवर टांगलेली नसतात, ग्रंथालयाच्या संग्रहात जपलेली असतात, तेव्हा आधी लिहून विचारा. आणि विचारताना 'दापुरी' म्हणा. 'दापोडी' म्हटलंत तर तिथे कुणाला कळायचं नाही.