भिंतींचा हिशेब

गॉटिंगेनच्या विज्ञानसभेच्या कार्यवृत्तात 1918 साली लुडविग प्रांटल यांच्या पंखसिद्धान्ताचा पहिला भाग छापला गेला आणि 1919 साली दुसरा. वैमानिकीच्या इतिहासात पहिल्याचा गाजावाजा जास्त. पण विंड टनेलच्या, म्हणजे विमानाचे नमुने तपासण्याच्या हवेच्या बोगद्याच्या, भिंतींचा प्रश्न आहे तो दुसऱ्या भागात. 1921 मध्ये नॅका या अमेरिकी संस्थेने (नासाची ही पूर्वज) प्रांटल यांचा सारांश अहवाल क्रमांक 116 म्हणून काढला, त्यातही भिंतींचा भाग वगळलेला नाही. भिंतींमुळे मोजमापात करावी लागणारी दुरुस्ती पाठ्यपुस्तकांत बहुधा शेवटच्या प्रकरणात, उरलंसुरलं म्हणून येते. मूळ कागद पाहिले तर ती सिद्धान्ताच्या पोटातच सापडते.

तिथे ती असण्याला कारण आहे. पंख हवा खाली ढकलतो, म्हणून त्याला लिफ्ट (उचल) मिळते; आणि त्या खाली वळलेल्या हवेमुळेच पंखावर जादा ड्रॅग (हवेचा विरोध) येतो, असं प्रांटल यांचं म्हणणं होतं. ते पडताळायचं तर पंख टनेलमध्ये ठेवूनच. पण मोकळ्या आकाशात हवा हवी तितकी खाली जाते, बोगद्यात तिला भिंत अडवते. म्हणजे जे मोजायचं, त्यातच भिंतीचा हात. प्रांटल यांची युक्ती आरशाची होती. पंखाच्या टोकांमागून निघणाऱ्या भोवऱ्यांच्या प्रतिमा त्यांनी गोल बोगद्याबाहेर कल्पिल्या, अशा जागी आणि अशा दिशेने फिरणाऱ्या, की भिंतीच्या आरपार वाहणं शून्य व्हावं. मग भिंत विसरायची आणि त्या प्रतिमांचा पंखावर काय परिणाम होतो तेवढा काढायचा.

गॉटिंगेनच्या टनेलला चाचणीच्या जागी भिंतच नव्हती. हवेचा झोत उघड्या खोलीतून जाई. म्हणून सुटका झाली असं वाटेल, पण नाही. झोताच्या कडेला दाब बाहेरच्या हवेइतकाच राहावा लागतो आणि ही अटही प्रतिमांनीच पाळता येते, फक्त त्यांची दिशा उलटी. म्हणजे बंद बोगद्यात दुरुस्ती अधिक, उघड्यात तेवढीच उणे.

रक्कम किती, ते बघू. पंखाचं क्षेत्रफळ बोगद्याच्या छेदाच्या एक दशांश, बोगदा गोल, पंख फार लांब नाही आणि लिफ्टचा गुणांक 1, असं धरू. गोल बोगद्यासाठी दुरुस्तीचा गुणक 0.125; त्याला त्या एक दशांशाने गुणायचं. तेव्हा रोखाच्या कोनाची दुरुस्ती 0.0125 रेडियन, म्हणजे सुमारे 0.7 अंश, ड्रॅगच्या गुणांकाची 0.0125. लांबी रुंदीच्या सहापट असलेल्या आदर्श पंखाचा लिफ्टपायी येणारा ड्रॅग याच स्थितीत 0.053 येतो. जवळजवळ चौथा हिस्सा भिंतीने गिळला! बंद बोगदा पंखाला आहे त्यापेक्षा चांगला दाखवतो, उघडा झोत वाईट. तोच नमुना दोन्हीकडे तपासला तर आकड्यांत 0.025 चा फरक पडणार, आणि दोन्ही प्रयोगशाळांत कुणाचीच चूक नसणार. सगळे बंद किंवा सगळे उघडे बोगदे असते, तर हा प्रश्न कदाचित उशिरा लक्षात आला असता, असं मला वाटतं.

पुढचा दस्तऐवज ब्रिटिश. हर्मन ग्लाउअर्ट यांनी 1933 मध्ये पंख, धड आणि प्रोपेलर या तिन्हींवरचा भिंतींचा परिणाम एका अहवालात एकत्र आणला. पुढच्याच वर्षी झाडाचे बुंधे सुरुंगाने उडवण्याच्या एका अपघातात ते गेले. त्याआधी 1931 मध्ये नॅकाच्या थिओडोरसेन यांनी अहवाल क्रमांक 410 मध्ये वेगळी वाट दाखवली होती: अधिक आणि उणे या दोन टोकांच्या मध्ये शून्य असणारच, तर काही बाजू बंद आणि काही उघड्या ठेवून दुरुस्तीच नाहीशी का करू नये? या विचाराचं फळ ध्वनिवेगाजवळ मिळालं. तिथे बंद बोगदा निव्वळ चुकीचं सांगत नाही, तो अडतो. नमुन्याने छेदाची 1 टक्का जागा अडवली, तरी बोगद्यातला वेग ध्वनीच्या 0.89 पटीच्या पुढे सरकत नाही. नॅकाच्या लँग्ली प्रयोगशाळेतल्या 8 फुटी टनेलमध्ये 1950 मध्ये फटींच्या भिंती बसल्या, तेव्हा ही कोंडी फुटली. बंगळूरच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेच्या 1.2 मीटर टनेलमध्येही या वेगासाठी भोकं पाडलेल्या भिंती आहेत.

बंगळूरच्या कथेत एक मराठी माणूस आहे. महाराष्ट्रातल्या हसूर गावी 1908 मध्ये जन्मलेले विष्णु माधव घाटगे यांनी 1936 मध्ये प्रांटल यांच्याच हाताखाली गॉटिंगेनला डॉक्टरेट घेतली. 1942 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी विभाग सुरू झाला, त्याचे पहिले प्रमुख तेच. 1950 च्या दशकात याच विभागाची सूत्रं काही काळ ऑस्कर टीटयेन्स यांच्याकडे होती. प्रांटल यांची व्याख्यानं ज्यांनी ग्रंथरूपात आणली तेच हे. आपल्याकडच्या लेखांत ‘प्रांटलचे शिष्य’ ही घाटग्यांची पदवी म्हणून लिहिली जाते. तारखा जुळवल्या तर तिच्यात जास्त अर्थ दिसतो. भिंतीची दुरुस्ती त्यांच्या प्रबंधाच्या वेळी 17 वर्षं जुनी, छापील, शिकवण्याजोगी झाली होती. ती नव्याने शोधायला नको होती, फक्त वापरायची होती.

घाटग्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-2 हे प्रशिक्षण विमान 1951 मध्ये उडालं आणि किरण हे जेट 1964 मध्ये. किरणचा कमाल वेग ताशी सुमारे 700 किलोमीटर, म्हणजे समुद्रसपाटीला ध्वनिवेगाच्या 0.57 पट. एचटी-2 सारख्या संथ विमानाच्या नमुन्याला नुसतं 1919 चं गणित पुरतं. किरणसारख्याच्या नमुन्याची चाचणी त्याच्या खऱ्या माख अंकाला (ध्वनिवेगाच्या पटीत मोजलेल्या वेगाला) घ्यायची, तर हवेचं दबणं मधे येतं: नमुन्याने जागा अडवल्यामुळे वाढणाऱ्या वेगाची दुरुस्ती 1 उणे माख अंकाचा वर्ग, त्याच्या वर्गमुळाच्या घनाने भागावी लागते. 0.57 साठी ती सुमारे 1.8 पट भरते.