गावची बातमी कोणी लिहावी?



शिरूर किंवा दौंड तालुक्यातली एखादी मुलगी बारावी झाल्यावर घरी म्हणते, "मला पत्रकारिता शिकायचीय." वडील माणसे विचारतात, "ते शिकून करणार काय?" प्रश्न रास्त आहे. पोटाचा प्रश्न आहे, तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. पण त्याचे उत्तर द्यायला मी तुम्हांला दीडशे वर्षे मागे नेणार आहे, आणि तेही फार लांब नाही. शिरूर तालुक्यातल्याच करडे गावात.

डिसेंबर १८७४ ची गोष्ट. करड्याच्या काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या वजनदार शेतकऱ्याविरुद्ध दीडशे रुपयांसाठी कोर्टाचा हुकूमनामा मिळवला आणि देशमुखांचे राहते घर पाडायला घेतले. गाव बिथरले. पण त्या वेळी कोणी काठी उगारली नाही. न्हावी सावकाराची हजामत करीना, पाणक्या पाणी भरीना, गडी कामावर येईना. होता होता सावकार चंबूगबाळे आवरून शिरूरला निघून गेला.

ही खबर वर्तमानपत्राने गावोगाव नेली नाही. ती चालत गेली, बैलगाडीतून गेली, बाजारातून बाजारात गेली. आणि १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या आठवडेबाजारात तिचा भडका उडाला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. त्या काळी ते भीमथडी तालुक्यात होते आणि आजच्या दौंडचा मुलूखही त्याच तालुक्यातला. लोकांनी सावकारांच्या दुकानांवर व घरांवर हल्ले केले. धान्य लुटले गेले, काही ठिकाणी आगी लागल्या, हे लपवण्यात अर्थ नाही. पण लोक मागत होते ते मुख्यतः कागद. कर्जरोखे आणि खातेवह्या! त्या चव्हाट्यावर जाळायच्या. जेथे सावकाराने रोखे मुकाट्याने पुढे केले, तेथे बहुधा त्याच्या अंगाला कोणी बोट लावले नाही. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. ९५१ माणसे पकडली गेली, ५०१ जणांना शिक्षा झाल्या.

आता तुम्ही म्हणाल, दंग्याचा आणि पत्रकारितेचा काय हो संबंध? सांगतो.

त्या काळच्या कुणब्याची सही म्हणजे नांगराची निशाणी. वर काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नसे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीन वर्षे चालेल असे ठरवले. हेतू असा की व्याजाचा डोंगर वाढू नये. झाले उलटेच. दर तीन वर्षांनी जुने मुद्दल आणि त्यावरचे व्याज एकत्र करून नवा रोखा होऊ लागला, आणि त्यावर पुन्हा नांगर! त्यातच अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ साली संपले, इकडच्या कापसाची चढी मागणी ओसरली, हात सैल सोडलेल्या सावकाराने हात आखडला, आणि पुढे १८६७ पासून नव्या जमाबंदीत सारा वाढला. शेतकरी चहूकडून कोंडीत सापडला. त्याच्याविषयीचा प्रत्येक शब्द दुसऱ्याच कोणीतरी लिहिलेला होता. कर्ज सावकाराने लिहिले, निकाल कोर्टाने लिहिला. दंग्याची चौकशी करायला सरकारने कमिशन नेमले. त्याचा अहवालही इंग्रजीत. करड्याची हकीकत आज आपण सांगतो ती बऱ्याच अंशी अशा सरकारी कागदांच्या आधाराने.

इंदापूर तालुक्यातल्या कळस गावच्या लोकांनी मात्र स्वतःच एक करारपत्र लिहून काढले होते, सावकाराची जमीन कोणी कसायची नाही अशा अर्थाचे. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला तो सर्वांत मोलाचा कागद. दंगा करणारे बहुतेक निरक्षर होते, तरी लेखी शब्दाची ताकद त्यांना पुरेपूर कळलेली होती. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यातही रोखा गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, सावकाराने पावती द्यावी, हिशेब द्यावा अशाच तरतुदी होत्या.

पुण्यात तेव्हा वर्तमानपत्रे नव्हती असे नाही. 'ज्ञानप्रकाश' १८४९ पासून निघत होते. पण कुणब्याच्या घरातून आलेला संपादक हवा होता. तो दंग्यानंतर दोनच वर्षांत उभा राहिला. भांबुर्डे, म्हणजे आजचे शिवाजीनगर, येथले सत्यशोधक कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी 'दीनबंधु' काढले. दुष्काळाचे दिवस, वाचता येणारे थोडे, वर्गणी देणारे त्याहून थोडे. पत्र चालवता चालवता ते मेटाकुटीस आले. १८८० साली ते मुंबईस नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे गेले. पुढे जोतीराव फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधु'ने छापली आणि पुढची छापली नाहीत! आपल्याच माणसांच्या पत्रानेही मध्येच हात आखडता घेतला. विद्यार्थ्यांना हा प्रसंग जरूर सांगावा. पत्र आपले म्हणून ते सगळे छापीलच, असे नसते.

भालेकरांचे चिरंजीव मुकुंदराव हे नगर जिल्ह्यात पाटील घराण्यात दत्तक गेले. २३ नोव्हेंबर १९१० रोजी त्यांनी 'दीनमित्र' हे साप्ताहिक सुरू केले, आणि कोठे? सोमठाणे या खेड्यात. नंतर ते नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून निघू लागले. छापखाना खेड्यात, संपादक खेड्यात! शहरातून कागद आणा, खिळे जुळवा, मुद्रिते तपासा, अंक टपालात टाका, शिवाय शेतीकडेही बघा. मुकुंदरावांनी हे १९६७ पर्यंत, म्हणजे देहावसानापर्यंत, रेटले. कोणत्याही विद्यालयात ते ही विद्या शिकले नव्हते. छापखाना हीच त्यांची शाळा, आणि बहुतेक जुन्या मराठी संपादकांचे असेच होते.

जगात तोवर या विद्येची महाविद्यालये निघाली होती. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाने १९०८ साली वेगळे पत्रकारिता विद्यालय काढले. पुणे विद्यापीठाचा विभाग रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत १९६४ साली सुरू झाला. म्हणजे तीन वर्षे असे होते की पुण्यात पत्रकारितेचे वर्ग भरत होते आणि तरवडीत 'दीनमित्र'ही निघत होते. १९८९ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने घरी राहून, काम करून शिकण्याची वाट मोकळी केली. ज्याला कम्युनिटी कॉलेज म्हणतात, म्हणजे आसपासच्या माणसांना कामाची विद्या जवळच आणि थोड्या खर्चात देणारे विद्यालय, ती कल्पना आपल्या देशात पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ साली उचलली. अमेरिकेत अशा विद्यालयांत विद्यार्थी स्वतःचे वर्तमानपत्र चालवतात आणि त्यातच शिकतात. ही पद्धत आपल्याला परकी वाटायचे कारण नाही. तरवडीचा छापखाना काय वेगळा होता?

शिक्षक मित्रहो, तुमच्या शाळेत असा वर्ग भरवायला इमारत लागत नाही. करड्याचीच बातमी मुलांना लिहायला सांगा. दीडशे रुपयांत मूळ मुद्दल किती आणि व्याज किती? रोखा कोणी लिहिला? वाचून दाखवला होता का? घर पाडण्याचा अधिकार हुकूमनाम्यात होता की सावकाराने आपल्या मनाने हात घातला? देशमुखांचे म्हणणे काय, आणि काळूरामचेही म्हणणे काय? हा शेवटचा प्रश्न बहुतेक मुले विसरतात, बरं का. गावाची बाजू घेतली की दुसऱ्याला विचारायचे राहून जाते. मग मुलांच्या लक्षात येईल की यांतली कित्येक उत्तरे ऐकीव गोष्टीत मिळत नाहीत, त्यासाठी मूळ कागद पाहावा लागतो.

आणि कागद आज मागता येतो. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने साध्या अर्जावर, दहा रुपये फी भरून, ग्रामपंचायतीचे दप्तर पाहता येते आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. पाणीयोजनेचा ठेका, रस्त्याचा खर्च, ग्रामसभेचे इतिवृत्त, सगळे त्यात आले. तेव्हा पत्रकारिता शिकू म्हणणाऱ्या त्या मुलीला पहिला धडा म्हणून एवढेच द्या : गावच्या मागच्या ग्रामसभेचे इतिवृत्त मागवायचे, सभेला हजर असलेल्या पाचजणांना, त्यांत दोन बायका असाव्यात, काय काय ठरले ते विचारायचे, आणि दोन्ही शेजारी शेजारी लिहून शाळेच्या फळ्यावर लावायचे.